एक अक्षर, अनेक अर्थ

“बाळू, ही शिदोरी आजोबांना शेतावर ने,” असे आईने सांगितले, की बाळू लगेच निघतो. ‘ने’ हा अवघ्या एका अक्षराचा शब्द. पण त्याचा अर्थ बाळूला कोणी समजावून द्यावा लागत नाही. ‘आईने’ या शब्दाच्या शेवटीही ‘ने’ आहे. परंतु तेथे तो प्रत्यय असून सांगणारी कोण, एवढेच दाखवितो. एकाच भाषेत एका ध्वनीने अशी दोन कामे करावीत, तर जगातील सुमारे ७,००० भाषांत त्याचे किती अर्थ होत असतील बरे!

समजा, एक भुकेला प्रवासी युरोपातील बल्गेरिया देशात एका दुकानी गेला आणि त्याने विचारले, “पाव आहे का?” दुकानदार म्हणाला, “ने.” बल्गेरियन भाषेत याचा अर्थ ‘नाही’. बिचारा सीमा ओलांडून दक्षिणेस ग्रीसमध्ये आला. तेथेही त्याच प्रश्नाला तेच उत्तर मिळाले, “ने!” तो निराश होऊन परत फिरला, तर मात्र पावांनी भरलेल्या दुकानातून उपाशीच जाईल, कारण ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘होय’! या दोन्ही देशांच्या शेजारी तुर्कस्तान आहे. तेथील माणूस ‘ने?’ असा प्रतिप्रश्न करील. तुर्की भाषेत त्याचा अर्थ ‘काय?’ असा होतो. दूर पूर्वेकडे जपानी माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने’ जोडतो. आपण ‘खरे ना?’ म्हणतो, तसाच काहीसा त्याचा भाव असतो.

हे सारे ‘ने’ एकमेकांचे नातलग आहेत काय? मुळीच नाही. बल्गेरियन ‘ने’ हा आपल्या संस्कृत ‘न’ चा दूरचा भाऊ आहे. दोन्ही भाषा एकाच प्राचीन भाषाकुलातील आहेत. संस्कृतात ‘न’ आणि ‘अस्ति’ मिळून ‘नास्ति’ झाले. त्याच रीतीने रशियन भाषेतील ‘न्येत’ हा नकार घडला. ग्रीक ‘ने’ चा उच्चार पूर्वी ‘नाइ’ असा होता. काळाच्या ओघात तो बदलला. कोरियन भाषेतही ‘ने’ म्हणजे ‘होय’च, पण ग्रीक आणि कोरियन यांचे काहीही नाते नाही. तो निव्वळ योगायोग होय. माणसाच्या मुखातून निघणारे ध्वनी थोडे आणि भाषा हजारो. म्हणून लहान शब्दांत असे योगायोग वारंवार घडतात.

आता आपल्या घरातील ‘ने’ कडे वळू. तो संस्कृत ‘नी’ या धातूपासून आला. नेता, नायक, नीती हे शब्द त्याच धातूचे. गंमत अशी, की ‘ने’ च्या अगदी उलट अर्थाचा ‘आण’ हा शब्दही त्याच कुळातला आहे! ‘नी’ च्या मागे ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आनयति’ हे रूप झाले आणि त्यातून आपले ‘आणणे’ आले.

म्हणजे सारखे ऐकू येणारे शब्द परके असू शकतात आणि निराळे वाटणारे सख्खे असू शकतात. शब्दांचे नाते कानाने ठरत नाही; त्यासाठी त्यांचा इतिहास पाहावा लागतो. आणि परक्याचे बोलणे ऐकताना आपलाच अर्थ त्याच्या मुखी घालण्यापूर्वी त्याला काय म्हणावयाचे आहे, हे आदराने विचारावे लागते. तसे विचारले असते, तर तो प्रवासी उपाशी राहिला नसता.