गोळ्यांविना टिकणारा अवयव

मुंबईतील अवयव प्रत्यारोपणाचा मागोवा घेताना शस्त्रक्रियेतील कौशल्याइतकाच शरीराच्या नकाराचा इतिहासही पाहावा लागतो. परळच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि फेब्रुवारी १९६८मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेथेच भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. परंतु रुग्ण काही तासच जगला, आणि शहरात यशस्वी हृदय प्रत्यारोपण होण्यास ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला, जेव्हा पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात बसवण्यात आले. मधल्या ४७ वर्षांत १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, आणि त्याहीआधी सायक्लोस्पोरिन हे औषध आले, ज्याने परक्या अवयवावर तुटून पडणाऱ्या टी पेशींना, म्हणजे रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींना, आवर घातला.

या औषधांची किंमत रुग्ण आयुष्यभर मोजतो. टॅक्रोलिमसची गोळी साधारणतः बारा-बारा तासांनी घ्यावी लागते. रक्तातील तिची पातळी तपासायची असेल त्या दिवशी बोरिवली-घाटकोपरचा रुग्ण सकाळची गोळी न घेता प्रयोगशाळेत जातो आणि रक्त दिल्यावरच ती घेतो. पपनसासारखे फळही वर्ज्य ठरते, कारण ते ही पातळी वाढवू शकते. हेच औषध दीर्घकाळात मूत्रपिंडालाही इजा करू शकते, आणि दाटीवाटीच्या वस्तीत क्षयाचा धोका सदैव असताना प्रतिकारशक्ती दाबून ठेवणे हा मोठाच जुगार आहे.

त्यामुळे प्रतिकार-सहिष्णुता, म्हणजे बाकी सर्व जंतूंशी लढणाऱ्या शरीराने त्या एका अवयवाला मात्र आपले मानणे, हे ध्येय मोलाचे ठरते. रे ओवेन यांनी १९४५मध्ये दाखवले की गर्भात रक्ताभिसरण जोडलेली जुळी वासरे एकमेकांच्या रक्तपेशी पुढेही बाळगतात. त्या सूत्रावरून पीटर मेडावार, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी १९५३मध्ये उंदराच्या गर्भात परक्या पेशी सोडून तो मोठा झाल्यावर त्याच वंशाची त्वचा त्याच्यावर रुजवली. मेडावार यांना १९६०मध्ये नोबेल मिळाले, तरी माणसात हे साधण्यास जवळजवळ अर्धे शतक गेले.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २००८मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही विचारात पाडतात. तेथे ऊतींची अर्धीच जुळणी असलेल्या नातलगाचे मूत्रपिंड आणि त्याचीच अस्थिमज्जा पाच रुग्णांना देण्यात आली. एकाचे मूत्रपिंड गेले, पण उरलेल्या चौघांची औषधे ९ ते १४ महिन्यांत पूर्ण थांबवता आली. विशेष म्हणजे दात्याच्या रक्तपेशी त्यांच्या शरीरात काही आठवडेच टिकल्या, तरीही मूत्रपिंड पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले. अवयव आपला असल्याची ही ओळख नेमकी कशाने पक्की होते, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चे नोबेल मिळाले, ते या प्रश्नाच्या गाभ्याशीच जोडलेले आहे.

बोरिवलीहून गाडीने गाठता येणाऱ्या अहमदाबादेत डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांच्या मूत्रपिंड संस्थेनेही दात्याच्या मूलपेशी देऊन औषधांची मात्रा घटवण्याचे प्रयोग दीर्घकाळ केले. बोस्टनच्या मोजक्या रुग्णांपुढे हा प्रयत्न धाडसी होता, आणि आपल्याकडच्या रुग्णाची ऐपत ध्यानात घेतली तर तो अगत्याचाही होता.

मात्र अशा उपचारांत रुग्णाची तयारी शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीपासून करावी लागते, आणि मेंदूमृत दात्याचा अवयव मुलुंडला किंवा अंधेरीला येतो तेव्हा हाती काही तासच असतात. म्हणून उपनगरांत या उपचारांची पहिली आशा घरातच दाता लाभलेल्यांना धरता येते. प्रतीक्षा यादीवर थांबलेल्यांसाठी मृत दात्याची अस्थिमज्जा गोठवून ती काही महिन्यांनी देण्याची कल्पना मांडली गेली आहे, पण ती अजून प्रयोगावस्थेतच आहे.