दीड मिनिटाचा बर्फ

कोराडीच्या वीजकेंद्रात माझी तीस वर्षं पाण्यात गेली, असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला उगाच वाईट वाटतं. मी डीएम प्लांटचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या विभागाचा, केमिस्ट होतो. लोकांना वीजकेंद्र म्हटलं की कोळसा दिसतो, चिमणी दिसते, कपड्यांवर बसणारी राख दिसते. पाणी कोणाला दिसत नाही. पेंचचं पाणी येतं, अलीकडे भांडेवाडीहून नागपूर शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणीही येतं. त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटरची. पण बॉयलरच्या नळीत जाणाऱ्या पाण्याची गोष्टच वेगळी. त्यातला क्षार न् क्षार काढून टाकावा लागतो, नाहीतर टर्बाइनच्या पात्यांवर पुटं चढतात. ६६० मेगावॉटचे तीन नवे संच आले तेव्हापासून तर दाब २२१ बारच्या वर गेला. त्या दाबाला पाणी उकळतच नाही. कुठे पाणी संपलं आणि कुठे वाफ सुरू झाली ही सीमाच उरत नाही. आयुष्यभर पाण्याचं हे एकच टोक पाहिलं. दुसरं टोक पाहायला निवृत्तीनंतर लेहला जावं लागलं, आणि तेही भाचीमुळे.

भाची पंधरा वर्षांची. आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर पहाटे पाचला स्केट्स चढवून निघते. पाचलाच, कारण नागपूरच्या मे महिन्यात नऊनंतर डांबर चाकांना धरून ठेवतं. जानेवारी २०२४ मध्ये लेहला आइस हॉकीची नवी लीग सुरू होतेय हे तिनेच मोबाइलवर दाखवलं. रॉयल एनफिल्ड या मोटारसायकलवाल्या कंपनीच्या नावाची लीग, पहिलाच हंगाम, नवे संघ, नवी नावं. चांगला ब्लास्टर्स नाव वाचून मला हसू आलं. "मामा, चांगला म्हणजे आपलं चांगलं नाही ना, चांग ला खिंड आहे ती," भाची म्हणाली. मरयुल हे लडाखचं जुनं नाव, ते एका महिला संघानं घेतलेलं. झंस्कारच्या संघानं तर आपल्या गोठलेल्या नदीची चादरच नावात ओढून आणलेली. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, थंडीचा आकडा ऐकून कपाळावर हात मारला, आणि मग तिळाचे लाडू बांधून दिले.

लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. पहिले दोन दिवस खोलीतल्या बुखारी नावाच्या शेगडीशेजारी पडून राहण्यात गेले. चहाचं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागलं हे पाहून माझ्यातला केमिस्ट एकटाच खूश झाला.

सामने एनडीएस स्टेडियममध्ये. सामन्याबद्दल फार लिहीत नाही, ते ज्याला खेळ कळतो त्यानं लिहावं. मला पहिल्या दिवशी पकच दिसत नव्हता. तीन इंच रुंद, एक इंच जाड, १५६ ते १७० ग्रॅमची रबराची चकती. आधी थंडीत ठेवून कडक करतात, म्हणजे ती उसळत नाही, घसरते. लोक "ओऽ" करत आणि मी लोकांकडे पाहून गोल झाला का ते ओळखत असे. संघाच्या रंगीत जर्सी, पाठीवर नावं, कर्ण्यावर समालोचन, सगळं अगदी व्यावसायिक. पण व्यावसायिक हा शब्द इथे जरा सैलच बसतो. खेळणाऱ्यांत सैन्यातले आहेत, आयटीबीपीतले आहेत, कॉलेजातली पोरं आहेत; उन्हाळ्यात पर्यटकांना डोंगर दाखवायचे आणि हिवाळ्यात स्टिक धरायची असेही आहेत. इथला हा खेळ मुळात सैनिकांनी रुजवलेला. १९७० च्या दशकात लेहच्या कारझू तळ्यावर बुटांना पाती ठोकून ते खेळायचे. भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला १९८९ मध्ये. मुली पहिल्यांदा परदेशात खेळल्या २०१६ मध्ये, तैपेईला, तेही लोकांकडून वर्गणी गोळा करून. पुढच्या वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ नं हरवून पहिला विजय मिळवला.

मला खरी गोडी लागली ती दुसरीकडेच. आम्ही राहत होतो तिथून वीस मिनिटांच्या चालीवर एक उथळ तळं होतं. एका संघातली काही पोरं सकाळी तिथे सराव करत. तळं म्हणायचं एवढंच. खरं तर सपाट केलेलं रान होतं आणि त्याला चारी बाजूंनी मातीचा बांध. माझं आजोळ भंडाऱ्याचं. पाहिल्या पाहिल्या मनात आलं, ही तर धानाची बांधी. तशीच समपातळी, तसाच पाणी आत घ्यायला फोडलेला बांध.

ते तळं राखणारा माणूस पन्नाशीचा, फौजेतून निवृत्त झालेला. पोरं त्याला अचो म्हणत, मोठा भाऊ. मीही तेच म्हणू लागलो. मी वीजकेंद्रात पाण्याचं काम करायचो हे कळल्यावर तो मला "सर" म्हणू लागला, ते काही केल्या सुटलं नाही. आमचं बोलणं हिंदीत, त्याचं लडाखी वळणाचं आणि माझं नागपुरी.

"रात्री या," तो म्हणाला. "दिवसा काही दिसत नाही. दिवसा फक्त बर्फ दिसतो."

रात्री दहाला गेलो. उणे पंधरा. भाची दोन टोप्या घालून आलेली. काम बघायला गेलेला माणूस तिथे कामालाच लागतो, कारण नुसतं उभं राहवत नाही. माझ्या हातात पाइप आला.

बर्फ करायचा म्हणजे पाणी ओतायचं आणि वाट पाहायची, असं मला वाटत होतं. अचोनं पहिल्याच फेरीला हात धरला. पाणी एका जागी सोडायचं नाही. पाइपाचं तोंड हलतं ठेवायचं, जसं अंगणात सडा घालतो तसं. थर नखाएवढा. तो पूर्ण गोठला की दुसरा. घाई करून जाड पाणी सोडलं तर वरचा पापुद्रा आधी गोठतो आणि खाली पाणी कोंडून राहतं. सकाळी त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो आणि पोराचा घोटा आत. अशा पोकळ जागा तो काठीनं ठोकून शोधत होता, मडकं ठोकून घेतात तसं. भरीव बर्फाचा आवाज बारीक आणि खणखणीत, पोकळ बर्फाचा बद्द.

आणि पाइप. एक फेरी संपली की चौघांनी तो खांद्यावर घ्यायचा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं, म्हणजे आतलं पाणी सगळं निथळतं. पाच मिनिटं आळस केला तर पाइपाची काठी होते. मी केला. मग तो पाइप वळवता येईना, ठेवता येईना. दोघांनी उचलून शेजारच्या घरात बुखारीपाशी नेला. अचो काही बोलला नाही. घरातल्या म्हातारीनं मात्र माझ्याकडे बघून जे म्हटलं त्याचं भाषांतर करायला सगळ्यांनीच नकार दिला.

पहाटे तीनला एक वेगळं अवजार निघालं. घसरगाडीवर बसवलेलं पिंप, त्याच्या मागे आडवी भोकांची नळी, नळीमागे लोळणारं जुनं घोंगडं. पिंपात तापवलेलं पाणी. पुढून एकानं ओढायचं. नळीतून पाणी ठिबकतं आणि घोंगडं ते पुसत सारखं करत जातं.

"मामा, बर्फ कराले गरम पाणी काऊन टाकून राहिले?" भाचीचा प्रश्न.

हा प्रश्न माझ्या खात्यातला. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, म्हणून गोठताना बुडबुडे राहत नाहीत आणि बर्फ घट्ट होतो. शिवाय ते पाणी वरचा खरवडलेला थर किंचित वितळवून स्वतःला त्यात सांधून घेतं; गार पाणी नुसतं वर बसतं आणि पुढे त्याची खपली निघते. मोठ्या रिंकवर हेच काम झांबोनी नावाचं यंत्र करतं. फ्रँक झांबोनी या माणसानं १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात ते बनवलं. बॉयलरच्या पाण्यातूनही हवा काढावीच लागते, त्यासाठी आमच्याकडे डीएरेटर असतो. म्हणजे जगात कुठेही जा, पाण्यातली हवा काढायला कोणीतरी रात्रपाळीला असतोच. इथे त्याचं काम पिंप आणि घोंगडं करत होतं.

थांबण्याच्या वेळात करायला काही नसतं, म्हणून मी हिशोब केला. सवय. पूर्ण मापाचं मैदान ६० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे १८०० चौरस मीटर. एक मिलिमीटरचा थर द्यायचा तर १८०० लिटर पाणी. एक लिटर पाणी गोठताना ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकतं. दहा सेंटिमीटर बर्फ उभा करायला जेवढी उष्णता बाहेर जावी लागते ती विजेच्या भाषेत साधारण १६,७०० युनिट. ही उष्णता काढून कोण नेतं? गार वारा थोडी नेतो. बाकीची सरळ वर आकाशाकडे जाते. लडाखची हवा कोरडी, ढग नाहीत. रात्री आकाश म्हणजे उघडी चिमणीच. अचोला या कामासाठी पंधरा-वीस रात्री लागतात.

आणि कोराडीचा ६६० मेगावॉटचा एक संच तेवढी वीज दीड मिनिटात तयार करतो.

हा आकडा मी पहाटे चारला अचोला सांगितला. तो खूश होईल असं मला का वाटलं कोण जाणे. तो म्हणाला, "दीड मिनिट? किती कोळसा लागतो सर?"

मी सांगितलं, दहाएक टन. एक डंपर.

तो बराच वेळ पाइप निथळवत होता. मग म्हणाला, त्याच्या लहानपणी डिसेंबर सुरू व्हायच्या आतच हे तळं माणूस पेलायचं. आता डिसेंबर उलटत आला तरी कडेला पाणी असतं, आणि फेब्रुवारीत दुपारी मधोमध ओल येते. लीग आली, पोरांना जर्सी आल्या, चांगल्या स्टिक आल्या. सराव करायचे दिवस मात्र कमी झाले. त्यानं हे माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं नाही. पण माझं पेन्शन त्या डंपरातूनच येतं, आणि माझ्याजवळ त्याला द्यायला उत्तर नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद पडला तर लोक रस्त्यावर येतात, हे मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते खरंही आहे. पण त्या थंडीत ते तोंडातून निघालं नाही.

धूळ हा त्याचा दुसरा वैरी. बर्फावर धुळीचा कण पडला की दुपारचं ऊन तो पितो, तापतो आणि स्वतःपुरता खड्डा करून आत उतरतो. अशा हजार कणांचे हजार खड्डे. म्हणून सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी झाडणं, आणि सराव संपला की फावड्यानं चुरा काढणं. भेगांत ओला बर्फ भरून तळव्यानं दाबणं. कोराडीत राख झाडत आयुष्य काढलेल्या बायकांना हे काम दोन मिनिटांत जमलं असतं.

मी एकाच गोष्टीत उपयोगी पडलो. तळ्याच्या एका अर्ध्या भागाचा बर्फ पांढरट होता, वर पिठासारखी साय धरायचा, आणि पोरं म्हणायची तिथे पातं रुततं. दुसरा अर्धा काचेसारखा. अचोच्या मते ती जागाच वाईट होती. मी विचारलं, पाणी कुठलं? एका बाजूला बोअरचं टँकरनं येतं, दुसऱ्या बाजूला झऱ्याचं. माझ्या खिशात पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर असतं, निवृत्तीनंतरही, बायको त्यावरून हसते. मोजलं. बोअरच्या पाण्याचा आकडा झऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. पाणी गोठताना क्षारांना आत घेत नाही, बाहेर ढकलतं. थरावर थर देत गेलं की ते ढकललेले क्षार थरांच्या मध्ये आणि वर साचतात. ती साय म्हणजे तेच. टर्बाइनच्या पात्यावर बसतात तेच, इथे स्केटच्या पात्याखाली आले. अचोनं मीटर हातात घेऊन दोन्ही पाणी स्वतः पुन्हा मोजलं, मग बादलीतलं, मग चहाचं. "झऱ्याचं पाणी थोडं आहे," तो म्हणाला. "शेवटचे थर तरी त्याचे द्या," मी म्हटलं.

तिसऱ्या सकाळी भाची बर्फावर उतरली. कोणा खेळाडू मुलीचे जुने बूट मोजे भरून बसवले होते. चाकांवर वाऱ्यासारखी जाणारी पोर दोन पावलांत बसली. चाक रस्त्याला धरून असतं. पातं कशालाच धरत नाही. तिला थांबता येईना. चाकांवर थांबायची तिची रीत वेगळी. इथे दोन्ही पाती आडवी टाकून बर्फ खरवडत थांबायचं. ती बांधावर जाऊन आपटायची, उठायची. एका पोरीनं तिला कमरेला धरून दाखवलं, भाषा न बोलता. दहा वाजेपर्यंत तिला थांबता येऊ लागलं, एका बाजूनं. पहिल्यांदा जमलं तेव्हा पात्याखालून पांढऱ्या चुऱ्याची फवारणी उडाली आणि ती ओरडली, "मामा, पायलं का?" पाहिलं. काचेसारख्या अर्ध्या भागात होती ती.

पुढे २०२५ मध्ये अल ऐनला भारताच्या मुलींनी महिला आशिया चषकात कांस्य मिळवलं, तेव्हा भाचीनं कॉलनीभर पेढे वाटले. शेजाऱ्यांना हॉकी एवढंच कळलं, त्यांनी अॅस्ट्रोटर्फबद्दल विचारलं. तिनंही समजावत बसायचं सोडून दिलं.

अचोचा फोन वर्षातून एकदा येतो. डिसेंबरात, रात्री उशिरा. मागे वारा, कोणीतरी पाइप ओढत असल्याचा आवाज. इकडे मी गॅलरीत उभा. समोर कूलिंग टॉवरची वाफ कोराडीच्या तळ्याच्या दिशेनं वाकलेली, देवीच्या देवळाचे दिवे त्यात पुसट झालेले.

"सर, पाणी सोडलं."

"कुठलं?"

"झऱ्याचं."