विश्लेषण : जुन्या फोक्सवॅगन व्हॅनसाठी ‘तयार’ इंजिन घेताना काय तपासावे?

युरोप-अमेरिकेत जुन्या फोक्सवॅगन व्हॅनना आज सोन्याचा भाव आहे. छताच्या कडेला छोट्या खिडक्यांची रांग असलेल्या पहिल्या पिढीच्या काही व्हॅन तर लिलावात एक लाख डॉलरच्या पुढे गेल्या आहेत. व्हॅन हाती येते, रंगरंगोटी होते आणि पहिल्याच घाटात मालकाच्या लक्षात येते, की मागून ट्रक हॉर्न वाजवतोय आणि अ‍ॅक्सिलरेटर तर आधीच तळाला टेकलेला आहे. मग जाहिराती धुंडाळणे सुरू होते : ‘१७७६ सीसी, दोन वेबर कार्ब्युरेटर, बांधल्यापासून जेमतेम चाललेले’. नवे इंजिन बांधून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते, महिनोन् महिने थांबावेही लागत नाही. मात्र अशी बरीच इंजिने बीटल मोटारीसाठी बांधलेली असतात. व्हॅनमध्ये बसवल्यावर त्यांचे काय होते, हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

मुळात ताकद किती होती?

या व्हॅनचे उत्पादन जर्मनीत वोल्फ्सबुर्ग येथे मार्च १९५० मध्ये सुरू झाले, तेव्हा तिच्या पाठीत बीटलचेच ११३१ सीसीचे, २५ अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे १२००, १५००, १६०० सीसी अशी वाढ होत १९७० च्या सुमारास गाडी ५० अश्वशक्तीवर पोहोचली. १९७२ च्या मॉडेलपासून १७०० सीसीचे वेगळ्या घडणीचे इंजिन आले. त्याला ‘टाइप ४’ म्हणतात. पोर्शे ९१४ या मोटारीतही याच कुळातले इंजिन होते. त्याचा २००० सीसीचा अवतारही व्हॅनमध्ये ७० अश्वशक्तीच देत असे. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल अशी मजल मारत गोव्यापर्यंत आलेल्या हिप्पींच्या व्हॅन असल्याच इंजिनांवर आल्या. अर्थात, त्यांना कसलीच घाई नव्हती.

बीटलचे तगडे इंजिन व्हॅनला का झेपत नाही?

झेपत नाही ते उष्णतेमुळे. एअर-कूल्ड म्हटले की आपल्याला बुलेट आठवते. सिलिंडरवर फिन्स, समोरून वारा, काम झाले. व्हॅनचे इंजिन मात्र मागच्या बंद कप्प्यात असते. तिथे वारा पोहोचवतो तो पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि ती हवा सिलिंडरभोवती खेळवतात पत्र्याची आवरणे. बीटल हलकी आणि गोलाकार, तर व्हॅन जड आणि समोरून सपाट. सामान भरले की वजन दोन टनांच्या आसपास जाते. बीटलचे इंजिन काही सेकंद जोर लावते आणि मग निवांत धावते. व्हॅनच्या इंजिनाला तसाच जोर तासन् तास लावावा लागतो. त्यात १९६७ पर्यंतच्या व्हॅनमध्ये मागच्या चाकांपाशी वेग कमी करणारे जादा गिअर होते. म्हणजे त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या आणखी जास्त.

शर्यतीच्या शौकिनाने बांधलेल्या इंजिनाचा कॅमशाफ्ट वरच्या आरपीएमला ताकद देणारा असतो. खालच्या फेऱ्यांत ते इंजिन मेलेले असते आणि व्हॅनचे सारे आयुष्य तिथेच जाते. व्हॅनला हवा असतो तो टॉर्क, म्हणजे चढावर न कण्हता ओढण्याची ताकद. म्हणून ‘किती अश्वशक्ती?’ हा पहिला प्रश्न नव्हेच. कॅम कोणता, कॉम्प्रेशन किती आणि आधी ते कोणत्या गाडीत होते, हे आधी विचारावे. विक्रेत्याला कॅमचा नंबर सांगता येत नसेल, तर तिथून उठलेले बरे.

सीसीचे आकडे काय सांगतात?

मूळ १६०० चा बोअर ८५.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६९ मिलिमीटर. क्रँक तीच ठेवून ९०.५ चे पिस्टन बसवले की १७७६ सीसी होते, ९४ चे बसवले की १९१५. क्रँक बदलून स्ट्रोक ८२ केला, तर ९०.५ च्या पिस्टनवर २११० सीसी मिळते. मशीनिंग न करता सरकवून बसणारी ८८ मिलिमीटरची सिलिंडर स्वस्त असतात, पण त्यांची भिंत पातळ असते. उष्णतेने ती वाकडी होतात आणि मग इंजिन तेल पिऊ लागते. ९०.५ साठी केस आणि हेड दोन्ही मशीनवर मोठे करावे लागतात, पण भिंत जाड राहते. व्हॅनसाठी १७७६ चा पर्याय इतकी वर्षे टिकून आहे तो यामुळेच. सीसी वाढले की उष्णताही वाढते. ती बाहेर काढण्याची सोय नसेल, तर मोठा आकडा ही निव्वळ डोकेदुखी.

प्रत्यक्ष पाहताना काय तपासायचे?

इंजिन थंड असतानाच पाहायला जावे आणि गेल्यागेल्या हात लावून बघावा. आपण पोहोचण्याआधीच ते गरम करून ठेवले असेल, तर कारण विचारायला हवे. सुरू करण्याआधी क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकलावी. ही ढिलाई नव्या बांधणीत ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असते, ०.१५ ही मर्यादा. पुली हाताला खटखट लागली, तर केसचे बेअरिंग बसण्याचे घर खाल्ले गेलेले असू शकते. मूळ केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते, मऊ असते. ‘लाइन बोअर’ करून ते दुरुस्त होते, पण ते पुन्हा पुन्हा करता येत नाही. आजवर किती वेळा केले, याची पावती मागावी. फ्लायव्हीलच्या बाजूला, तीन नंबरच्या सिलिंडरमागे केसला तडा जाण्याची जागा ठरलेली आहे. तिथे टॉर्च मारून बघावे.

या तीन नंबरचे दुखणे जुने आहे. १९७० पर्यंतच्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच उभा असे आणि त्याने तापलेली हवा नेमकी याच सिलिंडरवर जाई. पुढे कूलर बाजूला सरकवून त्याला स्वतंत्र हवा देण्यात आली. घेत असलेल्या इंजिनावर ही नंतरची रचना आहे ना, हे बघावे. क्रँकला मुद्दाम छोटी पुली लावलेली असेल तर सावध. तिने दोन-चार अश्वशक्ती वाचतात, पण पंखा हळू फिरतो. क्रोमचे चकचकीत पत्रे आणि त्याखाली हवा वळवणारी आवरणे गायब, हेही सर्रास दिसते. प्रदर्शनात देखणे, घाटात घातक.

कॉम्प्रेशन मोजताना आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक बघावा, कारण वरच्या आरपीएमचा कॅम असेल तर चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो. लीक-डाउन चाचणी जास्त खरे सांगते. सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती सायलेन्सरमधून सुटतेय की ऑइल भरण्याच्या तोंडातून, हे ऐकायचे. सायलेन्सरमधून आली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंग. शेवटी विक्रेत्याची परवानगी घेऊन खालची सहा नटांची प्लेट उघडावी. आत ऑइलची जाळी असते. मूळ इंजिनाला तेवढीच गाळणी, कागदी फिल्टर नाहीच, आणि ऑइल मावते जेमतेम अडीच लिटर. जाळीवर चकाकणारा चुरा दिसला तर बेअरिंग गेली. त्याला चुंबक चिकटत नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाहीच. ताकद वाढवलेल्या इंजिनाला बाहेरचा फिल्टर जोडलेला नसेल, तर बांधणाऱ्याने कशात हात आखडला असेल, याचा अंदाज येतो.

बांधणीचे फोटो आणि मशीन शॉपची बिले ही इंजिनाची जन्मपत्रिका. ती नसतील तर इंजिन पूर्ण खोलावे लागेल असे धरूनच भाव करावा.

बसवताना काय आडवे येते?

दुसऱ्या पिढीच्या व्हॅनमध्ये इंजिनाला मागूनही आधार असतो. त्यासाठीचे उंचवटे बीटलच्या प्रत्येक केसवर नसतात. १९६६ पर्यंतच्या सहा व्होल्टच्या व्हॅनला १०९ दात्यांचे फ्लायव्हील, बारा व्होल्टच्या इंजिनाला १३० दात्यांचे. मोठे फ्लायव्हील आत मावण्यासाठी गिअरबॉक्सचे आवरण घासावे लागते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले ते १९७१ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाडीत ताकद दुप्पट करणाऱ्याने ब्रेकचा खर्चही धरलेला बरा.

आगीची भीती खरी की अतिशयोक्ती?

खरी. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या कप्प्याला लागूनच आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप चिरतात आणि दोन कार्ब्युरेटर म्हटले की जोडही वाढतात. मॅग्नेशियमचे केस पेटले की पाण्याने विझत नाही, उलट भडकते. इंजिनासोबत आलेले पाइप कितीही नवे दिसले तरी सगळे बदलूनच ते गाडीत बसवावे.

कायद्याचे काय?

जर्मनीत तीस वर्षांपुढच्या गाडीला वारसा वाहन म्हणून ‘एच’ नंबरप्लेट मिळते, पण इंजिन बदलले की तपासणी करून कागदपत्रांत नोंद करावी लागते. त्या काळाला साजेसा नसलेला बदल असेल, तर ती प्लेटही धोक्यात येते. ब्रिटनमध्ये त्याच मूळ इंजिनाचे मोठ्या सीसीचे रूप हा मोठा बदल मानत नाहीत. चाळीस वर्षांपुढच्या वाहनाला वार्षिक तपासणीतून मिळणारी सूट त्यामुळे जात नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी नाही, १९७६ पासूनच्या गाड्यांना आहे. तिथे १९७५ ची व्हॅन आणि १९७६ ची व्हॅन शेजारी उभ्या केल्या तर फरक सांगता येणार नाही, पण दोन वेबरचे इंजिन घ्यायचे की नाही, याचे उत्तर दोघींसाठी वेगळे असते.