अर्ज तोच, आडनाव वेगळे!

रविवारी सकाळी घाटकोपरच्या आमच्या विहारात वंदना आटोपली की मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. लहान मुले गणिते सोडवतात, मोठी मुले नोकरीचे अर्ज घेऊन येतात. आम्ही पडलो कारकून. त्यामुळे अर्ज तपासणे, कागदपत्रे लावून देणे हे काम आपसूकच आमच्याकडे आले आहे.

गेल्या पावसाळ्यात वस्तीतलीच एक मुलगी आली. बी. कॉम., पहिला वर्ग, टॅली शिकलेली, इंग्रजीही बऱ्यापैकी. तिने तीस ठिकाणी अर्ज केले होते, बोलावणे आले दोन ठिकाणांहून. तिच्याच वर्गातल्या, तिच्याहून कमी गुण असलेल्या मैत्रिणीला मात्र सहा-सात ठिकाणांहून बोलावणे आले होते. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "काका, आडनाव काढून टाकू का? नुसते माझे नाव आणि वडिलांचे नाव लिहिते."

आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी अंधेरीला एका खाजगी कंपनीत मुलाखतीला गेलो होतो, ते आठवले. साहेबांनी आधी आडनाव विचारले, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला ते. हिशेबाचा एकही प्रश्न न विचारता त्यांनी फाईल मिटली. आम्ही काय ते समजलो. घरी आल्यावर वडील म्हणाले, "तुला तसे वाटले असेल." आमच्याजवळ पुरावा काय होता? काहीच नाही.

वाटणे वेगळे, सिद्ध होणे वेगळे

हा पुरावा कसा गोळा करायचा, याची एक साधी रीत समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी शोधली आहे. अमेरिकेत २००१-०२ साली मेरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागो येथील वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक फक्त नावात. काही अर्जांवर गोऱ्यांत आढळणारी एमिली, ग्रेग अशी नावे, तर काहींवर काळ्यांत आढळणारी लकीशा, जमाल अशी. गोऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणे आले. काळ्या नावाला एका बोलावण्यासाठी पंधरा अर्ज लागले. अर्ज अधिक चांगला केला, तर गोऱ्या नावाचा चांगला फायदा झाला, काळ्या नावाचा फारसा झाला नाही. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

लक्षात घ्या, अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खाजगी मालकालाही वर्ण पाहून नोकरी नाकारायला बंदी आहे. तो कायदा होऊन चाळीस वर्षे होत आली होती, तरी हे घडत होते.

हीच रीत आपल्या देशात वापरली ती डॉ. सुखदेव थोरात यांनी. हे अमरावती जिल्ह्यातले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. म्हणजे बाबासाहेबांनी उभारलेल्या महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी न्यूयॉर्कचे प्राध्यापक पॉल अॅटवेल यांच्यासोबत ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. सगळे खाजगी नोकऱ्यांसाठी आणि नुकतीच पदवी घेतलेल्या तरुणांच्या नावे. अर्जात जात कुठेही लिहिलेली नव्हती. नावावरून मात्र ती कळत होती. पात्रता सारखी असूनही, उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता दोन तृतीयांशच भरली. मुसलमान नावाची तर एक तृतीयांश. आपल्या मुंबईतूनच निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ऑक्टोबर २००७ मध्ये हा अभ्यास छापून आला.

म्हणजे आमच्या विहारातल्या त्या मुलीला जे वाटले, तो तिच्या मनाचा खेळ नव्हता.

"ते पुढे गेले, तुम्ही का नाही?"

कचेरीत डबा खाताना एक प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. "अमुक समाज हातात काही नसताना मुंबईत आला आणि दुकानाचा मालक झाला. मग तुमचाच समाज मागे का?" अमेरिकेत काळ्यांनाही हेच ऐकवतात. तिथे तर आपल्या भारतीयांचेच उदाहरण देतात. "हे भारतीयही अल्पसंख्यच, तेही गोरे नव्हेत, पण कमाईत सर्वांच्या पुढे. मग तुम्हाला काय झाले?"

आकडा खरा आहे. भारतीय कुटुंबांची कमाई तिथे खरोखरच सर्वांत वरच्या गटात मोडते. पण कारण तपासले की वेगळेच दिसते. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांसाठी कायदा बदलला आणि शिकलेल्या, हुन्नर असलेल्या माणसांना दार उघडले. डॉक्टर, इंजिनिअर जणू निवडून तिकडे गेले. काळ्यांना मात्र साखळदंड घालून नेले होते. १८६५ साली गुलामी संपली, तरी पुढे शंभर वर्षे शाळा वेगळी, वस्ती वेगळी, घरासाठी कर्ज मिळायचे नाही. एकजण पदवी घेऊन विमानाने उतरला, दुसऱ्याच्या आजोबाला शाळेच्या दाराबाहेर उभे केले. दोघांना एका रेषेवर उभे करून शर्यत लावायची आणि मागे राहिलेल्याच्या रक्ताला दोष द्यायचा, याला अभ्यास म्हणत नाहीत.

आपल्या मुंबईतही तेच झाले. आमचे आजोबा गिरणीत होते. जन्मभर त्यांनी साचाखात्यात पाऊल टाकले नाही. तिथे पगार जास्त, पण अस्पृश्याला बंदी. का? तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या माणसाचे तोंड लागलेला धागा इतर कामगारांना विटाळ वाटे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे उचलला. साचाखात्यातल्या माणसाने जास्त पगारातून खोली घेतली, मुलगा शिकवला, पुतण्याला चिकटवले. आमच्या आजोबांना ते जमले नाही. आज त्या दोन घरांच्या नातवंडांत जे अंतर दिसते, ते तिथून सुरू झाले आहे.

ओळखीने चिकटवण्याची गोष्ट केवढी मोठी आहे, हेही दादरच्या एका अभ्यासात दिसून आले. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग यांनी दादरच्या शाळांत शिकलेल्या मुलांची जातवार पाहणी केली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. ज्या जातींची कामगारांत पिढ्यान् पिढ्या ओळख, त्यांनी मुलांना मराठी शाळेत घालून त्याच कामाकडे वळवले. मुलींना तशी ओळख मिळत नव्हती, म्हणून त्या इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि भावांच्या पुढे निघाल्या. जातीची ओळख आधार देते, तशी पायात बेडीही घालते.

आकडा घ्या, कारण विचारा

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी तिथे भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ रक्तात नाही, जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनात आहे, असे त्यांनी त्यात मांडले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. त्या ड्युबॉइसनीही तरुणपणी फिलाडेल्फियातल्या काळ्यांच्या वस्तीत घरोघर जाऊन माहिती गोळा केली होती आणि १८९९ साली ग्रंथ लिहिला होता. दोघांनी रडगाणे गायले नाही. मोजले, तपासले आणि मग बोलले.

मोजल्याने आपलीही बाजू बळकट होते. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता सुमारे ८१ टक्के निघाली. संपूर्ण देशाची ७३ आणि अनुसूचित जातींची ६६ टक्के होती. रक्तात खोट असती तर दोन-तीन पिढ्यांत हे घडले असते काय? शाळेचे दार उघडले तेव्हा आपण आत शिरलो. आता अडते ते नोकरीच्या दाराशी.

म्हणून त्या मुलीला आम्ही सांगितले, "पोरी, आडनाव काढून अर्ज करणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण खोट आडनावात नाही, ते वाचणाऱ्याच्या नजरेत आहे. तू एक वही कर."

त्या वहीत आम्ही रकाने आखून दिले. तारीख, जागा कोणती, पात्रता काय मागितली, बोलावणे आले की नाही, मुलाखतीत काय विचारले. आता विहारातली अकरा मुले-मुली अशी वही ठेवतात. जिथे आपली माणसे नोकरीला आहेत, तिथल्या जागा भिंतीवरच्या फळ्यावर लिहिल्या जातात. इतर समाज ओळखीने माणूस लावतो, तर आपण निदान बातमी तरी पोचवावी.

वाचक बंधु-भगिनींनो, २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये ठरवले. प्रगणक दाराशी येईल तेव्हा घरात जे कोणी असेल, त्याला काय सांगायचे ते आधी ठाऊक हवे. धर्माच्या रकान्यात बौद्ध. जातीच्या रकान्यात दाखल्यावर असेल ती जात, कारण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत. आपण सांगितलेच नाही, तर उद्या आपले अंतर मोजणार कोण?

त्या मुलीला दिवाळीनंतर मुलुंडला एका कचेरीत हिशेबनिसाची नोकरी लागली. अर्ज क्रमांक एक्केचाळीस. आडनाव पूर्ण लिहिलेले. वही मात्र तिने बंद केली नाही. ती आता धाकट्या भावासाठी रकाने आखते आहे.