योगाने श्वास सुधारतो, पण इनहेलर सोडू नका!

जिना चढताना धाप लागते, कळशी उचलली की दम भरतो, अशी तक्रार चाळिशी ओलांडलेल्या अनेक महिला करतात. ‘आता वय झालं’ म्हणून ती अंगावर काढली जाते. कुणी योगवर्गाला जातात. महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटू लागतं. हे बरं वाटणं खरं असतं, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

छातीखालचं श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू श्वास ओढतात. नियमित आसन-प्राणायामाने हे स्नायू बळकट होतात, छातीचा पिंजरा मोकळा होतो आणि श्वास संथ पडतो. संथ श्वासाचा फायदा साध्या हिशोबाने कळतो. प्रत्येक श्वासातली थोडी हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. ही हवा १२० मिली धरू. मिनिटाला ४०० मिलीचे १५ श्वास घेतले तर एकूण ६ लिटर हवा आत जाते, पण कामाला येते ४.२ लिटर. तीच ६ लिटर हवा एक-एक लिटरच्या ६ श्वासांत घेतली तर जवळपास ५.३ लिटर कामाला येते. बाजाराला दहादा जाण्यापेक्षा चारदा जाऊन सामान आणलं की भाडं वाचतं, तसंच हे.

प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास आपल्याकडे जुना आहे. बडोद्यात व्यायामाचे धडे घेतलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, ते याच कामासाठी.

मात्र योगाला मर्यादाही आहेत. दम्याच्या १,०४८ रुग्णांवरील १५ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये घेतला. योगाने त्रास थोडा कमी होतो, असं त्यात दिसलं. पण फुप्फुसाची क्षमता वाढते किंवा औषध कमी होतं, असं खात्रीने सांगता आलं नाही.

आपल्या भागातल्या बायकांसाठी हे महत्त्वाचं आहे. वर्षानुवर्षं चुलीपुढे लाकूडफाटा, शेणी जाळणाऱ्या बाईला आयुष्यात विडी न ओढताही फुप्फुसाचा जुनाट आजार होऊ शकतो. धुराने खराब झालेलं फुप्फुस योगाने पूर्ववत होत नाही. योगामुळे दम कमी लागला आणि तपासणी लांबली, तर आजार आतल्या आत वाढतो.

म्हणून दम लागत असेल तर आधी स्पायरोमेट्री करून घ्यावी. नळीत जोराने फुंकायची ही तपासणी आहे. सोडलेल्या एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली, तर श्वासनलिका अरुंद झाल्याची शंका घेतली जाते.

योग जरूर करा, पण इनहेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. गरोदर महिलांनी, तसेच रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी कपालभाती आणि श्वास रोखून धरणं टाळावं. आणि घरात चूल पेटत असेल तर धुराला बाहेर जायला वाट करून द्या. नाहीतर सकाळी प्राणायामाने मिळवलेलं संध्याकाळी स्वयंपाकघरात जातं.