पितळी माकडाची थंडी

क्रिकेटच्या मैदानावरून इंग्रजीत शिरलेले वाक्प्रचार या आठवड्यात घ्यायचं कबूल केलं होतं. पण खलाशांचे वाक्प्रचार काही पाठ सोडेनात. ‘ब्रास मंकी वेदर’ कसं राहिलं, अशी विचारणा करणारी पत्रं आली. सांगलीच्या एका वाचकांनी तर त्याची उत्पत्तीही सविस्तर लिहून पाठवली. कथा झकास आहे आणि साफ खोटी आहे. अशा कथांचा मला भारी शौक, तेव्हा क्रिकेटला आज सुट्टी.

‘ब्रास मंकी वेदर’ म्हणजे कडाक्याची थंडी. मूळ वाक्प्रचार जरा चावट आहे: पितळी माकडाचे ‘बॉल्स’ गोठून गळून पडावेत, एवढी थंडी. हे बॉल्स कोणते, ते चारचौघांत सांगायची पंचाईत. त्या पंचाइतीवर उतारा म्हणून ही कथा फार सोयीची. ती सांगते, की जुन्या लढाऊ जहाजांवर तोफेशेजारी लोखंडी गोळ्यांचा ढीग रचत. तो ढळू नये म्हणून खाली खळगे पाडलेली पितळी थाळी असे आणि तिला म्हणत ‘मंकी’. थंडी पडली की पितळ लोखंडापेक्षा जास्त आक्रसतं, खळगे सरकतात आणि गोळे गडगडत खाली येतात. झालं! वाक्प्रचार सोवळा झाला, वर थोडं विज्ञानही शिकून झालं.

आता त्याच विज्ञानाने हिशेब करू. मीटरभर लांबीची पितळी थाळी ३० अंशांनी गार झाली, तर ती लोखंडापेक्षा जास्त आक्रसते ती सुमारे पाव मिलिमीटर. एवढ्याने गोळे पडत असतील, तर लाटेवर जहाज पहिल्यांदा कललं तेव्हाच ते पडायला हवेत. मुळात हेलकावणाऱ्या डेकवर गोळ्यांचा मनोरा रचेल कोण? ते भोकं पाडलेल्या लाकडी फळ्यांत ओळीने बसवलेले असत आणि बाकीचा साठा खाली जहाजाच्या पोटात. तोफांना दारू पुरवणाऱ्या पोऱ्यांना ‘पावडर मंकी’ म्हणत, हे मात्र खरं. खोट्या कथेत असा एखादा खरा तपशील असला, की ती पचायला सोपी जाते.

खरा पुरावा पुस्तकांत आहे. ‘मोबी डिक’वाला हर्मन मेलव्हिल स्वतः खलाशी होता. त्याच्या १८४७ सालच्या ‘ओमू’ या पुस्तकात हे माकड भेटतं, पण तिथे थंडी नाही, रणरणतं ऊन आहे आणि वितळतंय ते माकडाचं नाक! इतरत्र याच माकडाची शेपटी गोठते, कान गळतात. थाळीला नाक आणि शेपटी कुठून येणार? तेव्हा माकड म्हणजे माकडच, पितळेचं ओतीव. त्याचे अवयव ज्याने त्याने आपापल्या चवीप्रमाणे निवडले.

कोणत्याही वाक्प्रचाराचा उगम समुद्रात शोधण्याच्या या खोडीसाठी इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांनी एक काल्पनिक समितीच थट्टेने स्थापन केली आहे. ‘प्रत्येक गोष्टीचा उगम समुद्रात दाखवणारी समिती’ असा तिच्या नावाचा अर्थ, आणि इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं ‘कनू’, म्हणजे छोटी होडी.

म्हणून सगळंच झूट मानायचं का? अजिबात नाही. माझ्या कसोट्या दोन. सर्वांत जुना लेखी दाखला कधीचा, आणि वर्णन केलेली गोष्ट जहाजावर खरोखर तशी चालत होती का?

‘बाय अँड लार्ज’ दोन्ही कसोट्यांवर उतरतो. आज त्याचा अर्थ ‘एकंदरीत’. खलाशांच्या भाषेत ‘बाय’ म्हणजे वाऱ्याच्या जमेल तितकं तोंडावर जाणं आणि ‘लार्ज’ म्हणजे वारा पाठीकडून घेऊन जाणं. दोन्ही तऱ्हांनी नीट चालणारं जहाज एकंदरीत चांगलं. सॅम्युएल स्टर्मीच्या १६६९ सालच्या नौकानयनावरच्या पुस्तकात हा प्रयोग आहे.

‘थ्री शीट्स टु द विंड’ म्हणजे दारू पिऊन तर्र. इथे जमिनीवरची माणसं हमखास फसतात, कारण शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शिडं फडफडतात आणि जहाज झोकांड्या खातं. नशेला पायऱ्याही होत्या: स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला लाँग जॉन सिल्व्हर एकाच शीटची भाषा करतो. हे दोरांचं जंगल कसं असे, ते पाहायला वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमली’ आहे. १८१७ साली पाण्यात उतरलेलं हे जहाज आज इंग्लंडात हार्टलपूलला जतन केलेलं आहे.

काही वाक्प्रचार मात्र कुंपणावर बसतात. ‘टु द बिटर एंड’ म्हणजे अगदी शेवटपर्यंत, कितीही सोसावं लागलं तरी. डेकवरच्या ज्या दणकट खुंटांना नांगराचा दोर बांधत, ते ‘बिट्स’. दोराचं जहाजाकडचं टोक ‘बिटर्स एंड’, असं कॅप्टन जॉन स्मिथने १६२७ सालीच लिहून ठेवलंय. तेवढा दोर संपला की पुढे सोडायला काही उरत नाही. पण बायबलच्या नीतिसूत्रांतही कडू शेवटाचा उल्लेख आहे आणि इंग्रज माणूस बायबल ऐकतच मोठा झाला. माझं मत असं, की हे दोन्ही धागे पुढे एकमेकांत गुंतले. एकालाच श्रेय देणं बरोबर नाही.

आणि ‘लूज कॅनन’, म्हणजे कधी कोणावर उलटेल याचा नेम नसलेला माणूस? डेकवर सुटलेल्या तोफेचं सर्वांत गाजलेलं वर्णन इंग्रजीत नाहीच. ते व्हिक्टर ह्यूगोच्या १८७४ सालच्या ‘नाइन्टी-थ्री’ या फ्रेंच कादंबरीत आहे. ज्याच्या हलगर्जीपणामुळे तोफ सुटते, तोच गोलंदाज जिवावर उदार होऊन ती रोखतो. सेनापती त्याच्या छातीवर पदक लावतो आणि लगेच त्याला गोळ्या घालण्याचा हुकूम देतो. या तोफेला इंग्रजी बोलीत आणण्यात खलाशांपेक्षा ह्यूगोचा हात मोठा असावा, असं मला वाटतं.

क्रिकेट पुढच्या आठवड्यात, नक्की. वाचकांना विनंती एवढीच, की उत्पत्तीच्या कथा जरूर पाठवा, पण सर्वांत जुना दाखला कोणत्या सालचा आणि कोणत्या पुस्तकातला, हे सोबत लिहा. ज्या कथेला साल नाही, ती मनापासून ऐकावी, हसावं आणि पुढे पाठवू नये.