गव्हाच्या दाण्याहून हलका गुन्हा

१ जुलै २०२३ची मध्यरात्र उलटलेली. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ उलटली, पेटली आणि २५ जीव गेले. चालकाच्या रक्तात मर्यादेपेक्षा जास्त मद्य आढळल्याच्या बातम्या पुढे आल्या. पण ही मर्यादा म्हणजे किती?

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. कपभर रक्तात गव्हाच्या एका दाण्याहूनही हलकं मद्य! गंमत पाहा, १९८८चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा कितीही अल्प मद्य चालत नव्हतं. तिसाचा आकडा आला १९९४च्या दुरुस्तीने. इंग्लंडमध्ये हीच रेघ ८०वर आहे.

मग सुई न टोचता नाक्यावरच्या पोलिसाला रक्तातलं कळतं कसं? फुप्फुसात रक्त आणि हवा यांच्यामध्ये एक कमालीचा पातळ पडदा असतो. त्यातून मद्य हवेत झिरपतं, तेही हिशोबाने: एक मिलिलिटर रक्तात जेवढं, साधारण तेवढंच २,१०० मिलिलिटर श्वासात. म्हणजे मर्यादेवरच्या माणसाच्या लिटरभर श्वासात मिलिग्रॅमचा जेमतेम सातवा हिस्सा! अनेक यंत्रांत तेवढंसं मद्य प्लॅटिनमवर पोचतं, त्याची रासायनिक क्रिया होते आणि चक्क वीज वाहू लागते. यंत्र ती वीज मोजतं.

पण हे २,१०० सगळ्यांना सारखं लागू पडतं? नाही. बहुतेकांचं प्रमाण त्याहून थोडं जास्तच असतं. त्यामुळे यंत्र सहसा प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतं. संशयाचा फायदा गणितातच मुरलेला!

आणि पेग? दोघांनी सारखीच घेतली, तरी किरकोळ अंगाच्या माणसाच्या रक्तातला आकडा धिप्पाड माणसापेक्षा वर जातो. कायदा ग्लास मोजत नाही, रक्त मोजतो. ‘मला चढत नाही’ म्हणणाऱ्यालाही तीच रेघ.

खरी मेख वेळेत आहे. यकृत दर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमने हा आकडा उतरवत राहतं. ४५वर असलेला माणूस दोनेक तासांत रेघेखाली येऊ शकतो. म्हणूनच, मद्य पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली की दोन तासांत तपासणी करा, नाहीतर सोडा, असं कायदा बजावतो. पण ते दोन तास अटकेपासून मोजायचे, अपघातापासून नव्हे! जागेवर थांबणाऱ्याचा आकडा ताजा मिळतो, पळणाऱ्याला यकृत तासागणिक सूट देतं.

तीस न्याय्य की ऐंशी, हा वाद जरूर घाला. त्याआधी विचारा: नमुना किती वाजता घेतला?